सरपंचासाठी एक बाटली रक्त

“डॉक्टर, जरा बाहेर बोलू या का?” मी म्हणालो.

डॉक्टर तरन्नुम मुजावर हातमोजा काढत होत्या. त्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. “बाहेर? का हो काका?”

मी टेबलावर आडव्या पडलेल्या कुत्र्याकडे डोळ्यांनी खूण केली. “त्याच्यासमोर नको.”

बाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. “काका, त्याला कॅन्सर म्हटलं काय आणि भाकरी म्हटलं काय! भाकरीला तरी तो शेपूट हलवेल.”

कुत्र्याचे पाय धरून उभा असलेला माझा मेहुणा बाबासोही हसला. तोवर मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो होतो. आमच्याकडे पेशंटसमोर आजाराचं नाव घेत नाहीत. नातेवाइकांनी बाहेर यायचं, डॉक्टरांचं ऐकायचं आणि आत जाऊन दुसरंच काहीतरी सांगायचं. मला तीच सवय होती.

डॉक्टर माझ्या मागोमाग बाहेर आल्या आणि नीट समजावून सांगू लागल्या. कुत्र्याच्या शेपटीखाली दोन्ही बाजूंना एकेक बारीक ग्रंथी असते. त्यातल्या उजव्या ग्रंथीत गाठ होती, द्राक्षाच्या मण्याएवढी. बाहेरून दिसत नव्हती, बोट घातल्यावर लागली. सोनोग्राफीत पोटाच्या आत, पाठीच्या कण्याखाली दुसरी गाठ दिसली होती. ती लिंबाएवढी.

“म्हणजे पसरलाय,” त्या म्हणाल्या.

“बरं,” मी म्हणालो. “घरी नेतो मग त्याला.”

“घरी? अहो, मी अजून अर्धंच सांगितलंय!”

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेतला तो लहानसा जनावरांचा दवाखाना, दारात उभा बाबासोचा छोटा हत्ती टेम्पो आणि ‘अर्धंच सांगितलंय’ म्हणताना डॉक्टरांच्या कपाळावर पडलेली आठी, सगळं मला जसंच्या तसं आठवतं.

उरलेलं अर्धं असं होतं. हा कॅन्सर पसरला तरी कुत्रं लगेच जात नाही. शेपटीखालची गाठ काढायची, पोट उघडून आतलीही काढायची, नंतर तीन-तीन आठवड्यांनी औषध शिरेतून द्यायचं. बरीच कुत्री वर्ष, दीड वर्ष जगतात आणि चांगली जगतात, खातात, पळतात.

“हा पाणी फार पितो ना?” त्यांनी विचारलं.

“बादली रिकामी करतोय.”

“ती गाठ रक्तातलं कॅल्शियम वाढवते. म्हणून तहान, म्हणून जेवणावर वासना नाही. त्याच्या किडनीवर ताण येतोय. या ग्रंथी घरी कोणी दाबून रिकाम्या करत होतं का? शेपटीखाली कोण बघायचं?”

“ती बघायची,” मी म्हणालो. “माझी बायको.”

“मग त्यांना सांगा की—”

“ती नाही आता.”

डॉक्टरांनी आतल्या कुत्र्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, “वाट बघण्यात अर्थ नाही काका. येत्या रविवारी पुण्याचे सर्जन येतात माझ्याकडे. उपासनी सर. करायचं का?”

“करायचं,” मी म्हणालो. एवढ्या मोठ्यानं म्हणालो की आत कुत्रं भुंकलं.

कुत्र्याचं नाव सरपंच. ते नाव माझ्या बायकोनं, हौसानं ठेवलं होतं. तासगावच्या पुढं आमचं गाव. पिल्लू असताना हा ग्रामपंचायतीच्या पायरीवर जाऊन बसायचा आणि कुणी उठवलं तरी उठायचा नाही. एकदा खरे सरपंच तक्रार घेऊन घरी आले. हौसा त्यांना म्हणाली, “तुमची मुदत पाच वर्षांची, याची जन्माची. सांभाळून घ्या की.”

हौसा आदल्या साली मार्गशीर्षात गेली. उन्हाळा संपता संपता सरपंचानं भाकरी सोडली. नुसतं पाणी प्यायचा आणि दारात पडून राहायचा. सगळं गाव म्हणालं, मालकिणीचं दुःख करतोय. बायका पोरांना घेऊन त्याला बघायला यायच्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवायच्या, डोळे पुसायच्या. खरं सांगायचं तर मलाही त्यात बरं वाटायचं. घरात माझ्यासारखं आणखी कोणी होतं. त्या कौतुकात आम्ही चार महिने घालवले.

ते बाबासोनं मोडलं. बाबासो हौसाचा धाकटा भाऊ, तासगावात टेम्पो चालवायचा. एका सकाळी त्यानं सरपंचाला परसात कण्हताना बघितलं आणि आत येऊन म्हणाला, “दाजी, दुःखानं जेवण सुटतंय, मान्य. पण दुःखानं कुणी शी करताना ओरडत नाही. उठा. टेम्पोत घाला त्याला.”

म्हणून आम्ही मिरजेला पोचलो होतो.

शुक्रवारपासून सरपंच दवाखान्यातच होता, सलाइनवर. कॅल्शियम खाली आणायचं होतं. एक अडचण राहिली होती. त्याच्या अंगात रक्त कमी होतं. आतली गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून होती. उपासनी सरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, दुसऱ्या कुत्र्याच्या रक्ताची पिशवी हाताशी असल्याशिवाय पोटाला सुरी लावणार नाही. डॉक्टरांनी मिरजेतल्या एका लॅब्रेडॉरच्या मालकांना विचारून ठेवलं होतं. ते हो म्हणाले होते.

रविवारी सकाळी साडेसातला आम्ही दवाखान्यात पोचलो, तर डॉक्टर फोन हातात घेऊन पायरीवर उभ्या होत्या.

“लॅब्रेडॉर येत नाही,” त्या म्हणाल्या. “मालकांच्या आईनं नाही म्हणून सांगितलं. आमच्या कुत्र्याचं रक्त कुणाला द्यायचं नाही म्हणे.”

“मग?”

“सर अकराला येतात. तीनला त्यांना कोल्हापूरला जायचंय. साडेअकरापर्यंत रक्त मिळालं तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यात. आणि महिनाभर याची किडनी टिकेल असं मला वाटत नाही.”

“कसलं कुत्रं लागतंय?” बाबासोनं विचारलं.

“मोठं. पंचवीस किलोच्या वर. तरुण, निरोगी. मादी असेल तर पिल्लं न झालेली. खरं म्हणजे कारवानी मिळालं तर सगळ्यात उत्तम. त्या जातीचं रक्त दाट असतं.”

बाबासोनं माझ्याकडे बघितलं. मी बाबासोकडे बघितलं. दोघं एकदम म्हणालो, “सिद्धाप्पा!”

सिद्धाप्पा कोळेकर कवठेमहांकाळच्या अलीकडं माळावर राहायचा. मेंढरं होती, विहीर होती आणि विहिरीवर माझ्या हातची मोटर होती; जळालेल्या मोटरी भरून देणं हाच माझा धंदा. दर दोन वर्षांनी ती जाळून आणायचा आणि दर वेळी म्हणायचा, आपोआप जळली. त्याच्याकडं कारवानी कुत्री होती. एवढी उंच आणि एवढी बारीक की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, उपाशी ठेवलीत.

त्या दिवशी बाबासोनं टेम्पो चालवला नाही, पळवला. मी त्याला आयुष्यभर सांगत आलो होतो, हळू चालव. त्या दिवशी मीच म्हणत होतो, “त्या ट्रॅक्टरला टाक मागं!”

“दाजी, गप्प बसा, नाहीतर तुम्हालाच रक्त लागेल.”

पावणेनऊला आम्ही माळावर पोचलो. सिद्धाप्पा दात घासत होता. आम्हाला बघून त्यानं तोंडातली मशेरी थुंकली. “मोटर चालूय माझी. अजून जळाली न्हाई.”

“मोटरीला नाही आलो. कुत्रं पाहिजे.”

“इकायचं न्हाई.”

“विकत नको. रक्त पाहिजे त्याचं. एक बाटली.”

सिद्धाप्पानं आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. आम्ही प्यायलो आहोत का याचा तो अंदाज घेत असावा. मी सगळं सांगितलं. गाठ, पोट, रक्त, अकरा वाजता येणारे सर्जन. भराभर सांगितलं, उलटसुलट सांगितलं. मधे मधे बाबासो घड्याळ दाखवत होता.

“माझं घ्या की,” सिद्धाप्पानं दंड पुढं केला. “माझं लई हाय.”

“माणसाचं नाही चालत.”

“मग मेंढराचं घ्या. दोन घ्या.”

“कुत्र्याला कुत्र्याचंच लागतंय, सिद्धाप्पा.”

तो हटून बसला. भिंगरी त्याची लाडकी कुत्री. अडीच वर्षांची, पिल्लं झालेली नव्हती, अंगानं घोडीसारखी. रक्त काढलेलं कुत्रं राखणीला राहत नाही, पळत नाही, लांडग्याला भितं, असं त्याचं म्हणणं होतं. मी म्हणालो, डॉक्टरच सांगतील. तो म्हणाला, डॉक्टरीण तुमची, ती तुमचंच बोलणार.

तेवढ्यात त्याची बायको गंगव्वा खोपीतून बाहेर आली. तिनं सगळं आतून ऐकलं होतं. “औंदा लांडग्यानं फाडली तवा कुठलं कुत्रं शिवून आणलंत?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“हीच की. भिंगरी.”

“तवा रगत किती सांडलं?”

“लई.”

“मग आता पळती न्हवं?”

सिद्धाप्पानं धोतर खोचलं, साखळी घेतली आणि भिंगरीला टेम्पोत चढवलं. वर स्वतः चढला. “मी डोस्कं धरून बसणार तिचं. आणि एकदा जरी ती झोकांडी खाल्ली, तर तुमचं कुत्रं मी ठेवून घेणार. ह्ये आधीच सांगतो.”

“घे. पण चल!”

परत येताना रेल्वे फाटक लागलं. मालगाडी. मी डबे मोजले, एक्केचाळीस. बाबासो स्टिअरिंगवर बुक्क्या मारत होता. मागं सिद्धाप्पा भिंगरीशी कानडीत बोलत होता आणि मधेच ओरडून विचारत होता, “डॉक्टरीण सुई बारीक वापरती का?”

दहा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही दवाखान्यात शिरलो. भिंगरीला काट्यावर उभी केली. पंचवीस किलो चारशे ग्रॅम. बाबासोनं अशी टाळी वाजवली की कुत्री काट्यावरून उडाली.

“गोचिडतापाची तपासणी करते आधी,” डॉक्टर म्हणाल्या.

“माझ्या कुत्रीला गोचीड?” सिद्धाप्पा लाल झाला. “बाई, रोज हातानं अंग बघतो तिचं. बायकोचं बघत न्हाई एवढं.”

“तरीपण बघावं लागतं, मामा.”

तपासणी चांगली निघाली. मग डॉक्टरांनी सरपंचाच्या रक्तातला आणि भिंगरीच्या रक्तातला थोडा थोडा भाग काचेवर एकत्र केला. दोन्ही एकमेकांना चालतात का ते बघायचं होतं. गुठळ्या धरल्या तर सगळं फुकट. आम्ही तिघं त्या काचेभोवती वाकलो. पुण्याचे उपासनी सर तोवर आले होते, तेही वाकले. डॉक्टरांनी काच हलवली, उजेडात धरली, पुन्हा हलवली, सूक्ष्मदर्शकाखाली घातली.

“गुठळी नाही,” त्या म्हणाल्या. “जुळतंय!”

मी सिद्धाप्पाला मिठी मारली. त्याच्या अंगाला मेंढरांचा वास येत होता आणि तोही मला घट्ट धरून उभा होता, का ते त्यालाही कळलं नसावं.

भिंगरीनं हूं की चूं केलं नाही. सिद्धाप्पा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. पिशवी हळूहळू भरत होती. ती भरताना बघून त्यालाच घेरी आली आणि बाबासोला त्याचं डोकं मांडीवर घ्यावं लागलं. भिंगरी उठली, अंग झाडलं, बिस्किटं खाल्ली आणि मालकाचं तोंड चाटायला लागली.

साडेअकराला सरपंचाला आत नेलं. जाताना त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी त्याला म्हणालो, “काही नाही रे, पोट साफ करणार आहेत.”

दवाखान्याच्या मागं एक कडुनिंब होता. त्याखाली आम्ही बसलो. सिद्धाप्पा भिंगरीला कवटाळून झोपला होता. बाबासोनं तंबाखू मळली आणि मळतच राहिला.

“दाजी, एक विचारू?”

“विचार.”

“पोटातली पसरलेली गाठ कुत्र्याची काढता येते. अक्काची का नाही आली?”

मी म्हणालो, “माणसाचं वेगळं असतं.”

“डॉक्टरांनी हात टेकले म्हणालात ना तुम्ही?”

“हो.”

“नाही, तुम्ही मोटर उघडून बघितल्याशिवाय जळली म्हणत नाही. डॉक्टर लोक पण तसंच करत असतील, असं वाटलं म्हणून विचारलं.” त्यानं तंबाखू तोंडात टाकली. “माझं काय, मला त्यातलं काही कळत नाही.”

मी काहीतरी बोलणार होतो. पण मागचं दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आल्या. टोपी तशीच डोक्यावर, हात कोपरापर्यंत ओले. “या, या लवकर! बघा!” त्यांनी एका ताटलीत दोन गाठी ठेवल्या होत्या. एक मण्याएवढी, एक लिंबाएवढी. “अख्खी निघाली. शिर फुटली होती, पण सरांनी बांधली. भिंगरीचं रक्त लागलं, सगळंच्या सगळं लागलं. नसतं तर तिथंच संपलं असतं.”

“जिवंत आहे?” मी विचारलं.

“अहो, घोरतोय!”

मी आत पळालो. सरपंच कुशीवर पडला होता, जीभ बाहेर, पोटावर लांब टाके आणि घोरत होता. बाबासो रडत होता आणि सिद्धाप्पाला हलवून हलवून सांगत होता, “तुझी भिंगरी, लेका, तुझी भिंगरी!” सिद्धाप्पा झोपेतून उठून विचारत होता, “तिला काय झालं?”

दोन दिवसांत कॅल्शियम खाली आलं. तिसऱ्या दिवशी सरपंचानं दूधभाकरी खाल्ली. पाचव्या दिवशी आम्ही त्याला घरी आणायला गेलो, तर त्यानं डॉक्टरांच्या मोटरसायकलच्या चाकावर पाय वर केला. डॉक्टर म्हणाल्या, “किडनी उत्तम चाललीये.” मी इतका हसलो की पोट दुखलं. हौसा गेल्यापासून मी हसलो नव्हतो.

नंतर तीन-तीन आठवड्यांनी चार वेळा आम्ही त्याला औषध द्यायला नेलं. दहा महिन्यांनी आत पुन्हा एक गाठ आली, तीही काढली. त्या वेळी रक्त लागलं नाही, तरी सिद्धाप्पा भिंगरीला घेऊन येऊन बसला होता. सरपंच सगळे मिळून एकोणीस महिने जगला. शेवटच्या आठवड्यात त्याचे मागचे पाय गेले. तोवर तो ग्रामपंचायतीच्या पायरीवर जात होता.

मी दवाखान्यात त्या व्हरांड्यात उभा राहून ‘घरी नेतो’ म्हणालो, ते काही पहिल्यांदाच नव्हतं. हौसाच्या वेळीही मीच डॉक्टरांना बोलायला दाराबाहेर नेलं होतं. तेही म्हणाले होते, पसरलाय. पण त्यांचं बोलणं तिथं थांबलं नव्हतं. ऑपरेशन करता येईल म्हणाले, इंजेक्शनं आहेत म्हणाले, एक-दीड वर्ष मिळेल म्हणाले. मी म्हणालो, तिला नाही झेपायचं. ते म्हणाले, निदान त्यांना एकदा विचारून तरी बघा. मी नाही विचारलं. मी आत गेलो आणि हौसाला सांगितलं, अल्सर आहे, तिखट बंद करायचं. तिनं तिखट बंद केलं. चार महिने ती मऊ भात खात राहिली आणि मला विचारत राहिली, एवढं पथ्य पाळून कमी कसं होत नाही.

बाबासोला मी सांगितलं, डॉक्टरांनी हात टेकले.

सरपंचाच्या ऑपरेशनची गोष्ट बाबासो अजून सगळ्यांना सांगतो. मालगाडीचे डबे आता साठ झालेत. सांगून झालं की माझ्याकडं बघून म्हणतो, “दाजींनी सोडलं नाही त्याला.” मी मान हलवतो.

आता बाबासो पासष्टचा आहे, मी एकाहत्तरचा. दर रविवारी तो जेवायला येतो. त्याच्या अक्काचं ऑपरेशन होऊ शकत होतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.